मदत हवी आहे: साल्व्हियाची रोपं दोन पानांवरच थांबलीत, कडा करपताहेत

पाऊसपाणी | १९ ऑक्टोबर

नमस्कार. कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहते. बाल्कनी पूर्वेची, सकाळी सात ते साडेअकरा चांगलं ऊन येतं. लाल साल्व्हिया बियांपासून करायचा ऑगस्टपासून प्रयत्न चाललाय आणि आता तिसऱ्या खेपेला पुन्हा अडकलेय.

आधी कशासाठी ते सांगते. बाबा रेल्वेत होते. भुसावळच्या क्वार्टरसमोर दर थंडीत ते साल्व्हियाची एक लांब रांग लावायचे. आम्ही भावंडं त्या लाल नळ्या ओढून काढायचो आणि मागच्या टोकाचा मध चोखायचो. आता बाबा आमच्याकडे असतात. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांना ७५ पूर्ण होतील, तेव्हा बाल्कनीत ते फूल असावं अशी फार इच्छा आहे. डिसेंबरात नर्सरीत फुललेल्या कुंड्या मिळतात, हे माहीत आहे. पण पहिला ट्रे भरला त्या दिवशी बाबांनी विचारलं, "बी कधी टाकलंस?" आणि तेव्हापासून रोज सकाळी काठी टेकत ते ट्रे बघायला येतात. म्हणून बियांपासूनच करायचंय.

आतापर्यंत काय झालं:

पहिली खेप, २५ ऑगस्ट. मेथी पेरतो तशी बोटाने भोकं पाडून अर्धा-पाऊण इंच खोल टाकली. ४० बियांतून ३ उगवल्या, त्याही पावसात गेल्या.

दुसरी खेप, १० सप्टेंबर. पाकिटावर "बी झाकू नये" असं लिहिलेलं नंतर दिसलं, म्हणून वर पसरून पाणी फवारलं. तासाभरात प्रत्येक बीभोवती पांढुरका बुळबुळीत थर आला. बुरशी समजून सगळा ट्रे फेकून दिला.

तिसरी खेप, २८ सप्टेंबर. नवा ट्रे, विटेचं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) आणि गांडूळखत निम्मं निम्मं, बी वरच ठेवली, वर पारदर्शक झाकण. ३० पैकी २२ उगवल्या, ७ ऑक्टोबरपर्यंत सगळ्या वर होत्या. आम्हा दोघांनाही खूप आनंद झाला. पण गेले दहा दिवस रोपं तिथेच आहेत. पहिली दोन गोल पानं आणि मधे टाचणीच्या डोक्याएवढा कोंब. पानांच्या कडा तपकिरी होताहेत. ६ रोपं मातीलगत दोऱ्यासारखी बारीक होऊन आडवी पडली.

उरलेली १६ वाचतील का? आणि जानेवारीपर्यंत वेळ उरलाय का?


ओंजळभर माती | १९ ऑक्टोबर

ताई, तीन गोष्टी सांगा. कोकोपीट धुतलं होतं का? पाणी कसं आणि किती वेळा देता? उगवल्यावर काही खत दिलंत का?


पाऊसपाणी | १९ ऑक्टोबर

धुतलं नाही. ६५० ग्रॅमची वीट, त्यावर चार लिटर पाणी ओतलं, फुगल्यावर तसंच भरलं. झारीने सकाळ-संध्याकाळ पाणी देते, ऑक्टोबरचा उन्हाळा आहे म्हणून. रोपं थांबलेली दिसली तेव्हा १९:१९:१९ (पाण्यात विरघळणारं रासायनिक खत) चिमूटभर अर्ध्या लिटरात घालून दोनदा दिलं.


ओंजळभर माती | १९ ऑक्टोबर

मग कारण बहुतेक सापडलं. तुमच्या ट्रेमध्ये क्षार जास्त झालेत. नारळाच्या सोडणात मुळातच पोटॅश आणि मीठ असतं, आणि विटेचं कोकोपीट कितपत धुतलेलं येतं ते दर विटेला वेगळं असतं. भिजवल्यावर पाणी काळ्या चहासारखं सुटलं असेल. त्यात निम्मं गांडूळखत, त्यावर १९:१९:१९. झेंडूच्या रोपाने हे कदाचित निभावून नेलं असतं. साल्व्हियाचं रोप मात्र लहानपणी क्षारांना फार हळवं असतं. मुळं पाणी ओढू शकत नाहीत, वाढ थांबते आणि पानाच्या कडा आधी करपतात. तुम्ही वर्णन केलंत अगदी तसंच.

आडवी पडलेली ६ रोपं हे दुसरं दुखणं. ती रोपमर, मातीतल्या बुरशीने होते. वरून दिवसातून दोनदा पाणी दिलं की ट्रेचा वरचा थर कधी सुकतच नाही आणि बुरशीला हवं ते मिळतं.

आज करायचं ते असं. ट्रेच्या खालची भोकं मोकळी आहेत ना ते पाहा. एका बाजूने अगदी सावकाश साधं पाणी सोडा, रोपं न हलवता, ट्रेमधल्या मातीच्या दुप्पट तरी पाणी खालून निघून जाऊ द्या. निघालेलं पाणी फेकून द्या, त्यात ट्रे ठेवू नका. अर्ध्या तासाने पुन्हा एकदा. मग वरचा थर फिका दिसेपर्यंत पाणी नाही. त्यानंतर कायम खालूनच पाजायचं: परातीत बोटभर पाणी, त्यात ट्रे दहा मिनिटं, मग बाहेर. पडलेली रोपं आजूबाजूच्या चमचाभर मातीसकट काढून टाका. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, पुडीत मिळते) असेल तर लिटरला ५ ग्रॅम कालवून एकदा द्या. खऱ्या पानांच्या, म्हणजे पहिल्या दोन गोल पानांनंतर येणाऱ्या पानांच्या, दोन जोड्या येईपर्यंत खत अजिबात नको, नंतरही लिटरला अर्धा ग्रॅम पुरतं.

आता त्या दुसऱ्या खेपेबद्दल, कारण ते वाचून फार हळहळ वाटली. ती बुरशी नव्हती. सब्जा पाण्यात टाकल्यावर काय होतं ते आठवा. साल्व्हिया तुळशीच्याच कुळातला: चौकोनी खोड, समोरासमोर पानं, ओठांसारखं फूल. त्याच्या बीलाही तसाच चिकट थर सुटतो. बाजारात मिळतं ते चिया सीडसुद्धा एका साल्व्हियाचंच बी आहे. हा थर बीला मातीशी चिकटवून ठेवतो आणि ओल धरतो. तो आला म्हणजे बीने पाणी पकडलं. फक्त थर आल्यावर बी हलवायचं नाही. बोटाला चिकटून येतं आणि थर फाटतो. बुरशी आणि हा थर यांतला फरक सोपा आहे: थर काचेसारखा गुळगुळीत असतो, बुरशीला केस असतात आणि ती तासाभरात येत नाही.

आणि खोल पेरलेली का उगवली नाहीत, तर या बीला उगवायला उजेड लागतो. तुमची तिसरी पेरणी अगदी बरोबर होती. ३० पैकी २२ ही घरच्या ट्रेला उत्तम उगवण आहे.


कुंडीवाला | २० ऑक्टोबर

मी रत्नागिरीचा. मुळात कोकोपीट वापरूच नये असं माझं मत आहे. पोयटा एक भाग, चाळलेलं जुनं शेणखत एक भाग, धुतलेली नदीची वाळू एक भाग, एवढ्यावर आमच्या घरी चाळीस वर्षं साल्व्हिया, झेंडू, पिटुनिया होताहेत. आणि ऑगस्टमध्ये पेरायची घाई कशाला? हा थंडीचा फुलझाडाचा प्रकार. आम्ही नवरात्र उलटून पाऊस थांबला की पेरतो. रोपं पडत असतील तर आई बुंध्याशी चुलीतली राख भुरभुरवायची, रोपं वाचायची. ताईंनी करून बघावं.


ओंजळभर माती | २० ऑक्टोबर

दादा, वेळेबद्दल आणि मिश्रणाबद्दल पूर्ण सहमत. पण ताई, या ट्रेला राख कृपया घालू नका. राखेत पोटॅश भरपूर असतं. दादांच्या पोयट्यात ते खपून जातं, पण इथे क्षारच धुवून काढतोय, त्यात भर पडेल.


कुंडीवाला | २० ऑक्टोबर

हे पटलं. क्षारांचं लक्षात घेतलं नव्हतं. राख राहू द्या.


ऑस्टिनकर | २१ ऑक्टोबर

टेक्सासमधून लिहितेय. मूळची साताऱ्याची. तुमच्या बाबांची रांग वाचून राहवलं नाही.

तुम्ही लावताय तो साल्व्हिया स्प्लेंडन्स, मूळ ब्राझीलचा. त्याच्या फुलामागचा देठाकडचा भागही लाल असतो, म्हणून नळी गळून पडली तरी रांग लालच दिसत राहते. सुंदर आहे पण रोप असताना नाजूक. माझ्याकडे आहे त्याचा चुलतभाऊ, साल्व्हिया कॉक्सिनिया. हा इथे टेक्सासपासून फ्लोरिडापर्यंत आपोआप वाढलेला दिसतो. फूल तसंच लाल, पण तुरा विरळ आणि झाड दोन-तीन फूट. पाच वर्षांपूर्वी एक पाकीट पेरलं, त्यानंतर एकदाही पेरलं नाही. बी पडतं आणि फरशीच्या फटीतही उगवतं. सप्टेंबरात हमिंगबर्ड दक्षिणेला जाताना यावर थांबतात. दुसरा इथलाच, निळा फॅरिनेशिया. दांड्यावर पीठ फासल्यासारखी लव असते, म्हणून त्याचं इथलं नावही पिठावरूनच पडलंय. तोही उन्हाला स्प्लेंडन्सपेक्षा दणकट.

हे बाबांच्या फुलाच्या जागी लावा असं अजिबात म्हणत नाही. पण कडेच्या एका कुंडीत कॉक्सिनियाच्या चार बिया टाकून ठेवा. मार्चमध्ये स्प्लेंडन्स थकेल तेव्हा हा चालू असेल.

एक विचारायचं होतं. तिकडे हमिंगबर्ड नाहीत, तर या नळ्यांवर कोण येतं?


कुंडीवाला | २१ ऑक्टोबर

शिंजीर पक्षी. आमच्याकडे सकाळी आठच्या आत हजर. देठाला लटकून चोच घालतो, कधी नळीच्या बुडाला बाजूने भोक पाडून मध काढतो.


गच्चीतली बाग | २२ ऑक्टोबर

वेळेचं उत्तर राहिलं म्हणून लिहितो. बुटका साल्व्हिया बी टाकल्यापासून पुण्याच्या हवेत अडीच ते तीन महिन्यांत तुरा देतो. तुमचा ट्रे २८ सप्टेंबरचा, दहा-बारा दिवस वाया गेले धरले तरी डिसेंबरअखेर फूल दिसायला हरकत नाही. तरी याच आठवड्यात धुतलेल्या कोकोपीटमध्ये आणखी २० बिया टाका. आज टाकल्या तरी जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत १३ आठवडे मिळतात. कोकोपीट मात्र तीनदा भिजवून पिळायचं, शेवटचं पाणी जवळजवळ स्वच्छ आलं पाहिजे. आणि पाकिटावर बियाणं कधीचं आहे ते बघा. साल्व्हियाचं बी जुनं झालं की उगवण झपाट्यानं उतरते. उरलेलं घट्ट बाटलीत, फ्रीजमध्ये ठेवा.


पाऊसपाणी | ३ नोव्हेंबर

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सविस्तर सांगते, पुढे कुणाला उपयोग होईल.

१९ तारखेला रात्रीच ट्रे धुतला. पहिलं पाणी खरंच काळ्या चहासारखं निघालं, चौथ्यांदा जवळजवळ नितळ. पाणी खालून पाजायला लागले. २२ तारखेपर्यंत आणखी ५ रोपं गेली, मी धीर सोडला होता. २५ ला सकाळी बाबांनी हाक मारली. त्यांना जवळचं नीट दिसत नाही, पण मधला कोंब फुटलाय हे त्यांनाच आधी दिसलं. आज ११ रोपं आहेत आणि प्रत्येकाला खऱ्या पानांच्या दोन जोड्या. जुन्या पानांच्या करपलेल्या कडा तशाच राहिल्या, नवी पानं स्वच्छ हिरवी आहेत. काल तीन इंची कुंड्यांत हलवली, दादांच्या मिश्रणात. पोयटा नर्सरीतून आणला.

नव्या २० बियांतून १७ उगवल्या. तो बुळबुळीत थर आला तेव्हा बाबांना दाखवला. ते म्हणाले, "हे मला माहीत होतं, विचारायचं होतंस." भुसावळला ते बी राखाडी पोत्याच्या तुकड्याखाली ठेवायचे, ओल टिकावी म्हणून, आणि रोज संध्याकाळी पोतं उचलून बघायचे. पहिला हिरवा ठिपका दिसला की पोतं काढायचं. पोत्याच्या विणीतून उजेड जात असणार, हे आता कळतंय.

शेवटचा प्रश्न. शेंडा खुडायचा का? खुडला तर झाड भरदार होतं असं वाचलं, पण फूल लांबेल अशी भीती वाटते.


गच्चीतली बाग | ३ नोव्हेंबर

खुडल्याने फूल साधारण दोन आठवडे मागे जातं. तिसरी जोडी आली की ११ पैकी ७ खुडा, ४ तशीच ठेवा. न खुडलेल्यांवर एक मोठा तुरा आधी येईल, खुडलेल्यांवर दोन-चार तुरे मागून. १५ नोव्हेंबरच्या पुढे मात्र एकही खुडू नका. शेवटची कुंडी सहा-आठ इंची पुरे, आणि बाहेर ठेवताना दोन रोपांत वीतभर अंतर.


ओंजळभर माती | ४ नोव्हेंबर

आणि तुरा सुकायला लागला की एक-दोन दांडे बियांसाठी राखा. प्रत्येक देठकपात (फुलामागच्या त्या लाल पेल्यात) जास्तीत जास्त चार दाणे असतात आणि पिकले की आपोआप गळतात, म्हणून दांड्याला आधीच कागदी पिशवी बांधायची. पाकिटावर संकरित लिहिलं असेल तर पुढची झाडं उंचीला, रंगाला थोडी वेगळी निघतील, तेवढं लक्षात ठेवा.


पाऊसपाणी | १६ नोव्हेंबर

७ खुडली, ४ ठेवली. खुडायचं काम बाबांनी केलं, अंगठ्याच्या नखाने, कात्री नको म्हणाले. आज बाल्कनीच्या कठड्याशी ११ कुंड्यांची रांग आहे. पिशव्याही शिवून ठेवल्यात.