क्लिअरकटमधली हरणं दिवसा बसतात कुठे?

रानवाट_ओरेगॉन: अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या कोस्ट रेंज डोंगरांमध्ये ब्लॅकटेल हरणांच्या शिकारीला जाणारे बरेच जण सकाळी क्लिअरकटच्या, म्हणजे सगळी झाडं एकदम तोडलेल्या पट्ट्याच्या, कडेला बसतात आणि नऊ-दहा वाजले की ‘गेली जंगलात’ म्हणून गाडीकडे परत. मला हे अजिबात पटत नाही. डग्लस फरची झाडं तोडून तीन-चार वर्षं झाली की तिथे फायरवीडचं तण, ब्लॅकबेरीची झुडपं इतकी माजतात की चारा आणि आडोसा एकाच जागी मिळतो, मग हरीण लांब जाईल कशाला? चरून झालं की खुंटामागे नाहीतर फांद्यांच्या ढिगाशेजारी रवंथ करत बसतं. दुपारी दुर्बीण लावून बसा आणि अख्खं हरीण शोधू नका, कान हलतोय का, शिंगाचं टोक दिसतंय का तेवढंच बघा.

डोंगऱ्या७: माद्या बसतील हो, पण मोठा नर नाही बसत. तो उघड्यावर येतो रात्री, आणि इथे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने शिकार बंद. दिवसा तो शेजारच्या, लावलेल्या झाडांच्या दाट लागणीत डोंगराच्या सोंडेवरच्या सपाटीला असतो, वारा पाठीमागून आणि नजर खाली उताराकडे. शिवाय लाकूड कंपन्या तोडीनंतर लावलेली रोपं जगावीत म्हणून तणनाशक फवारतात, त्या कटमध्ये कसला आलाय चारा?

रानवाट_ओरेगॉन: फवारलेला कट सोडा, बाकीचे आहेत ना! तुमच्या दाट लागणीत झाडं एकमेकांना भिडली की खाली ऊनच पोचत नाही, म्हणजे लपायला जागा आहे पण खायला काही नाही, तिथून नराला रोज बाहेर यावंच लागतं.

ओली_पायवाट: दोघंही वाऱ्याचं अर्धंच बोलताय. ऊन तापलं की हवा उतारावरून वर चढते, संध्याकाळी खाली उतरते. दिवसा खालून चढलात तर तुमचा वास आधी पोचणार, हरीण कटमध्ये असो की झाडीत. वरून या, हळू या. आणि बसलेलं हरीण दिसलं म्हणून लगेच गोळी झाडू नका प्लीज, खुंटाआड छाती नीट दिसत नाही, जखमी होऊन ब्लॅकबेरीच्या जाळीत शिरलं तर सापडत नाही आणि तडफडत मरतं. उठेपर्यंत थांबा.

डोंगऱ्या७: थांबण्याचं शंभर टक्के मान्य. पण नराबद्दल मी ठाम आहे. सीझनच्या शेवटी, नोव्हेंबरच्या तोंडावर, माद्यांच्या मागे तो दिवसाढवळ्या कटमध्ये फिरतो, तेव्हा मीही तिथेच बसतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मात्र झाडीतच.