शिलालेख म्हणजे नुसती फुशारकी? सेन्नाखेरिबच्या कालव्यांवरून

बाणाक्षर:
"मेसोपोटेमियाच्या राजांचे लेख म्हणजे जाहिरातबाजी, इतिहास म्हणून कचरा" असं परवा कुणीतरी इथे ठोकून दिलं. राहवलं नाही. अ‍ॅसिरियाचा राजा सेन्नाखेरिब याने इ.स.पू. 690 च्या सुमारास निनेवे या आपल्या राजधानीला कालव्याने पाणी नेलं. उत्तर इराकमध्ये जेरवानला त्याच्या जलसेतूचे अवशेष आहेत: लांबी सुमारे 280 मीटर, दगड वीस लाखांच्या आसपास. खोल दरीवर पांढऱ्या चुनखडीचा सेतू बांधून वरून पाणी नेलं, असं त्यावरच कोरलंय. आता यात खोटं काय? कालव्याच्या मुखाशी, खिन्निसला खडकावर कोरलेल्या लेखात तर राजा सांगतो की कालव्याचं दार आपोआप उघडलं, पाणी सुटलं. ते लपवलं नाही, उलट कारागिरांना वस्त्रं आणि सोन्याच्या अंगठ्या दिल्या.

वीटकरी:
कचरा मीच म्हणालो, आणि का तेही ऐका. त्याच खिन्निसच्या लेखात इ.स.पू. 689 मध्ये बाबिलोन शहर बेचिराख केल्याची बढाई आहे. शहरात चर खणून पाणी सोडलं म्हणे! पाणी देणाराही हाच, बुडवणाराही हाच. आणि "मी बांधला"? निनेवेच्या महालासाठी टोपल्या वाहिल्या त्या पकडून आणलेल्या खाल्दी, अरामी, पलिष्टी लोकांनी.

टेलचा शेतकरी:
बांधला कुणी यावर किती भांडाल? गाळ कुणी काढला ते बोला. सेन्नाखेरिबच्याही हजारेक वर्षं आधीचा बाबिलोनचा राजा हम्मुराबी, त्याचं सिन-इद्दिनाम या अधिकाऱ्याला पत्र आहे: दमानुम कालव्याकाठच्या जमीनवाल्यांना बोलवा, याच महिन्यात कालवा साफ करून घ्या. माझी जमीन चारीच्या शेवटाला. वर गाळ आणि गवत, आवर्तन सुटलं तरी आमच्याकडे ओल येत नाही. अर्ज करून थकलो. असं पत्र आम्हाला कोण लिहिणार?

वीटकरी:
म्हणजे राबायचं पुन्हा शेतकऱ्यानेच! हम्मुराबीच्या कायद्याचं 53 वं कलम वाचा. बांधाची निगा न राखल्याने शेजाऱ्यांचं पीक बुडालं तर धान्य भरून द्या. 54 वं: नाही जमलं तर त्यालाच विका.

टेलचा शेतकरी:
कठोर आहे, मान्य. पण निष्काळजीपणाला काही किंमत होती ना? आमच्याकडे वरच्याने चारी फोडली तरी पंचनामासुद्धा होत नाही. तुम्ही कधी रात्री पाण्यावर गेलायत का?

बाणाक्षर:
अहो, विषय शिलालेखांचा आहे! प्रत्येक धाग्यावर तुमची चारी का?

टेलचा शेतकरी:
कालव्याचा धागा आहे म्हणून. पाणी पोचलं की नाही हे सोडून दगड मोजत बसलाय तुम्ही.

बाणाक्षर:
बरं, गाळाचं पटलं. कैद्यांचंही, वीटकरी. पण टोपल्या वाहणारे कोण होते हे तुम्हाला कळलं कुठून? त्याच राजाच्या लेखातून ना?

वीटकरी:
तेवढं खरं. पुरावा म्हणून ठेवा, पण गौरव म्हणून वाचू नका.