थंडीत ड्रोनची बॅटरी अर्ध्या प्लॉटवरच बसते, उड्डाणाची वेळ कशी वाढवावी? (निफाड, जि. नाशिक)

नमस्कार मंडळी,

निफाड तालुक्यात द्राक्षबागांचे नकाशे ड्रोनने काढून देतो. ठिबकची नळी तुंबली की त्या ओळीतला पाला आधी फिका पडतो. वरून ते लगेच दिसतं आणि शेतकऱ्याचं ओळ-ओळ हिंडणं वाचतं. काम मनापासून आवडतं, पण बॅटरीने जेरीस आणलंय.

ऑक्टोबर छाटणीनंतर जो प्लॉट एका बॅटरीत आरामात उरकायचा, तोच आता अर्ध्यावर सोडून ड्रोन खाली घ्यावा लागतो. इकडची थंडी माहीतच आहे. पारा दहाच्या खाली उतरतो, घड वाचवायला पहाटे बागेत शेकोट्या पेटतात. ऊन वर येईपर्यंत थांबावं, तर वारा सुटतो.

बॅटरी चार सेलची लिथियम पॉलिमर आहे, फुल चार्जला 16.8 व्होल्ट. जमिनीवर सगळे सेल 4.1 च्या वर दिसतात. थ्रॉटल दिला (मोटरचा जोर वाढवला) की धाडकन 3.5 वर येतात. तीन सेल सावरतात, चौथा मात्र 0.1 व्होल्टने मागेच राहतो. टक्केवारी चाळीस दाखवत असतानाच लो बॅटरीची वॉर्निंग येते आणि ड्रोन घरी परतायला लागतो.

गारठ्यात सेलचा अंतर्गत रोध (विजेच्या प्रवाहाला आतून होणारा अडथळा) वाढतो आणि लोड आला की व्होल्टेज कोसळतं, एवढं कळलंय. म्हणून बॅटरी जॅकेटच्या आत ठेवतो आणि उडवल्यावर मिनिटभर कमी उंचीवर तरंगत ठेवून मगच कामाला लावतो. याने बराच फरक पडला. एकाने शेकोटीजवळ शेकून घ्यायला सांगितलं. ते मी कधीच करणार नाही आणि कोणी करूही नये, लिथियमला आगीजवळ न्यायचंच नाही.

बाकी, फेऱ्या प्लॉटच्या लांबीच्या दिशेने आखतो, म्हणजे वळणं कमी. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध आणि परतताना वाऱ्यासोबत. पंख्यांची पाती टवका उडाला की बदलतो. बॅटरी फुल चार्ज करून ठेवून देत नाही, सेलमागे 3.8 च्या आसपास ठेवतो. उंची 40 मीटरवरून 60 केली तर फेऱ्या दोन तृतीयांशावर येतात, पण फिका पाला नीट ओळखू येत नाही. त्यामुळे तो मार्ग मला पटत नाही.

आता विचारायचं ते असं. एका जागी तरंगण्यापेक्षा मध्यम वेगाने पुढे जाताना वीज कमी लागते आणि वेग फार वाढवला की हवेचा विरोध सगळं खाऊन टाकतो. मग आपल्या ड्रोनचा तो मधला वेग कसा काढायचा? लॉगमधला (उड्डाणाच्या नोंदीतला) करंट बघून कोणी काढलाय का? मागे पडणारा चौथा सेल बॅलन्स चार्जिंगने (सगळे सेल सारख्या व्होल्टेजला आणणाऱ्या चार्जिंगने) सुधारेल, की ती बॅटरी आता बाजूलाच ठेवायची? दुकानदार मोठ्या क्षमतेची बॅटरी घ्या म्हणतो. पण वजन वाढलं की मोटरही जास्त खेचणार. मग हातात खरोखर किती मिनिटं उरतात? ज्यांनी बदलून पाहिलंय त्यांनी जरूर लिहा.

आणि नाशिकमध्ये कोणाकडे सेलचा अंतर्गत रोध मोजणारा चार्जर असेल तर प्लीज कळवा. सगळ्या बॅटऱ्या घेऊन येतो, पंचवटी, सातपूर, कुठेही चालेल.