कबड्डी टीमवर नाटक बसवून राहिलो, गुपित कसं फोडावं? सल्ला द्या

धानबांधी: राजेहो, मदत पाह्यजे. आमचं गाव ब्रह्मपुरीकडलं. मंडईले, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेले, दरवर्षी वडशाची नाटक कंपनी आणतो, औंदा पोट्ट्यायनं स्वतःच नवीन नाटक करायचं ठरवलं अन् लिवाचं काम माह्या गळ्यात. गोष्ट अशी, का ५५ किलो गटाची टीम, मेन रेडरचा (चढाई करणाऱ्याचा) खांदा कामातून गेला, सुया टोचून खेळते, साऱ्या टीमले ठाऊक हाय पण "मर्द हायेस ना बे" म्हणून कोणी तोंड उघडत नाय. शेवटी त्याले दीड पानाचं भाषण देल्लं, तं तालमीत सारे फिदीफिदी हासतात. काय करू?

डावा_कोपरा: भाषण पयले काढा. मी कॉर्नरले खेळलो हाय. चढाई अडवाले कॉर्नर (कोपऱ्यातला) अन् कव्हर (त्याच्या बाजूचा) हात धरून उभे राह्यतात, साखळी. एरवी गावात दोन बाप्ये हात धरून चालले तं पानठेल्यावर आठ दिवस गोठ पुरते, मैदानात मात्र कोणाले काहीच वाटत नाय. तिथंच दाखवा ना भाऊ. समोरून चढाई आली, साखळी ताणली, तुमच्या रेडरचा हात सुटाले लागला, अन् बाजूवाल्यानं न पाहता त्याचा हात सोडून कंबरेची चड्डी धरली, म्हणजे खांद्यावर ताण नको. पब्लिक समजते, बोलाची गरज नाय.

मंडईवाली: कोर्ट १३ बाय १० मीटर असते, स्टेजवर कुठं मावते, अर्धंच आखा. पण एक चढाई तरी पूर्ण ३० सेकंद खरी खेळवा, माइक खाली ठेवून, दम ऐकू आला पाह्यजे. अन् बायकोले नुसती रडाले ठेवू नका हो. रोज रात्री खांद्याले तेल तीच लावते, मंग तिले टीमच्याही आधी ठाऊक असन ना? ती काहून गप्प, हे लिवा. मले तं तेच खरं नाटक वाटते.

रातभर_जागा: दोघायचं बरोबर हाय पण आपल्या झाडीपट्टीचं (पूर्व विदर्भाचं) पब्लिक कॉमेडीबिगर बसत नाय. सुई टोचणारा कंपाउंडर कॉमेडीवाल्याले द्या, हासता हासता त्याच्याच तोंडून अर्धं गुपित निसटू द्या. अन् संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं (नाटक तपासून परवानगी देणारं सरकारी मंडळ) आत्ताच पाठवा, दिवाळीपर्यंत थांबू नका.

धानबांधी: चड्डीवाली गोठ भारी हाय, आजच्या तालमीत घेतो. बायकोचा सीन नवीन लिवा लागन. भाषण काढतो, पण रेडरचं काम करणारा सरपंचाचा भाचा हाय अन् त्यानं तेवढंच पाठ केलं, त्याले कोण सांगन?