अनुभव धागा : आग्नेय आशियातील महानगरे आणि पडद्यावरच्या प्रेमकथा

बँकॉक, जकार्ता, सायगाव, सिंगापूर अशा एखाद्या गजबजलेल्या महानगरात घडणारी प्रेमकथा आपण पडद्यावर पाहिली असेल आणि त्याच शहरात राहण्याचा किंवा फिरण्याचा योगही आला असेल, तर दोहोंची सांगड कशी बसली, किंवा का बसली नाही, ते येथे लिहावे. कथानक थोडक्यात पुरे. शहराविषयी मात्र सविस्तर लिहावे. सुरुवात मीच करतो.

नोकरीनिमित्त बँकॉकला असताना माझा रोजचा प्रवास बीटीएस या उन्नत रेल्वेने होत असे. डिसेंबर १९९९ मध्ये सुरू झालेल्या या रेल्वेला दहा वर्षे पूर्ण होत आली असताना, २००९ मध्ये ‘बँकॉक ट्रॅफिक (लव्ह) स्टोरी’ प्रदर्शित झाला. तिशीला आलेली, जिच्या मैत्रिणींची लग्ने उरकली आहेत अशी नायिका आणि या रेल्वेच्या देखभालीचे काम रात्री करणारा अभियंता, अशी ही जोडी आहे. मध्यरात्री गाड्या थांबल्या की त्याचा कामाचा दिवस सुरू होतो, आणि तिला मात्र सकाळी कामावर जायचे असते. या दोघांच्या आड घराणे, पैसा किंवा खलनायक येत नाही. येते ते वेळापत्रक. ज्यांच्या घरात कोणी रात्रपाळी केली आहे, त्यांना यातील अडचण वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. सयाम स्थानकावर दोन मार्गांच्या गाड्या एकाच फलाटाच्या दोन बाजूंना लागतात आणि माणसे क्षणात इकडून तिकडे होतात. तेथे रोज गाडी बदलताना मला हा चित्रपट ओढूनताणून बेतलेला वाटेनासा झाला.

जकार्ताहून :

येथील माझ्या वयाच्या जवळजवळ प्रत्येक सहकारी स्त्रीने २००२ चा ‘आदा आपा देंगान चिंता?’ पाहिलेला आहे. सुहार्तो यांची सत्ता १९९८ मध्ये गेली आणि मरगळलेला इंडोनेशियन चित्रपट-व्यवसाय पुन्हा उभा राहू लागला, त्या उभारीतला हा चित्रपट. शाळेच्या भित्तिपत्रकात रमणारी लोकप्रिय मुलगी आणि कवितांत बुडालेला, कोणाशी फारसे न बोलणारा मुलगा जुन्या पुस्तकांच्या शोधात क्वितांगला जातात. मीही हौसेने तेथे गेले, परंतु पदपथांवरचे बहुतेक विक्रेते पूर्वीच हटवले गेले होते. फ्लोरा फाउंटनजवळचे पदपथ पाहिलेल्यांना हे नवीन नाही. मुलाच्या वडिलांचे राजवटीशी बिनसलेले असणे, हा कथेचा भाग मला प्रेमापेक्षाही अधिक भिडला. शेवटी देश सोडून निघालेल्या त्या मुलाला गाठण्यासाठी नायिका मैत्रिणींसह मोटारीने विमानतळावर धाव घेते. कामावरून सुटण्याच्या वेळी त्या रस्त्याने मी अनेकदा गेले आहे, आणि विमान सुटण्यापूर्वी तेथे पोहोचता येणे, हीच मला कथेतील सर्वांत धाडसी कल्पना वाटते!

सायगावहून, म्हणजे हो ची मिन्ह सिटीहून :

‘थ्री सीझन्स’ हा १९९९ चा चित्रपट मी येथे येण्यापूर्वी पाहिला होता. अमेरिकेने १९९४ मध्ये व्यापारबंदी उठवल्यानंतर व्हिएतनाममध्ये चित्रित झालेल्या सुरुवातीच्या अमेरिकी चित्रपटांपैकी हा एक आहे. त्यातील सायक्लोचालक एका वेश्येच्या प्रेमात पडतो. सायक्लो म्हणजे सायकलरिक्षाच, मात्र प्रवासी पुढे बसतो आणि चालक मागून पायंडल मारतो, त्यामुळे चालकाला तिची पाठच दिसत राहते. वातानुकूलित खोलीत रात्रभर शांत झोपावे, एवढीच तिची इच्छा असते. सायक्लोंच्या शर्यतीत मिळवलेले पैसे तो त्यावर खर्च करतो आणि तिला केवळ झोपू देतो. पुण्यात पाहताना मला ही इच्छा काव्यमय वाटली होती, परंतु एप्रिलमध्ये भाड्याच्या खोलीतील यंत्र बंद पडले, तेव्हा त्यात काव्य कमी आणि घाम अधिक आहे हे पटले. श्रीमंतांची हॉटेले उभी राहणारे आणि त्यांच्या दारातच ताटकळणाऱ्या गरिबांचे ते शहर इतक्या नेमकेपणाने क्वचितच दाखवले गेले असेल. आता सायक्लो मुख्यतः पर्यटकांना फिरवतात. शेवटच्या दृश्यातील लाल फुलांनी भरलेला रस्ता मात्र अतिरंजित नाही, कारण आपला गुलमोहर तेथेही उन्हाळ्यात तसाच फुलतो आणि शाळकरी मुले त्याला शैक्षणिक वर्षाच्या निरोपाशी जोडतात.

वरील प्रतिसादाला पूरक :

१९९३ च्या ‘द सेंट ऑफ ग्रीन पपाया’मधले जुने सायगाव शोधण्याचा खटाटोप कोणी करू नये. ते संपूर्ण घर आणि ती गल्ली फ्रान्समधील स्टुडिओत उभारलेली होती.

सिंगापूरहून :

२०१८ च्या ‘क्रेझी रिच एशियन्स’विषयी माझी तक्रार आहे. त्यात न्यूटन या भागातील खाद्यकेंद्र आहे, आलिशान वाडे आहेत, परंतु येथील सुमारे चार-पंचमांश रहिवासी ज्या सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या सदनिकांत राहतात, त्यांना कथेत जवळजवळ स्थान नाही. खरी प्रेमकथा तेथेच घडते. विवाहेच्छुक जोडप्याला नव्या सदनिकेसाठी एकत्र अर्ज करता येतो, बांधकामाला काही वर्षे लागतात, आणि त्यामुळे ‘घरासाठी अर्ज करू या का?’ हा प्रश्न येथे लग्नाची मागणी म्हणूनच घेतला जातो. मध्येच प्रेम आटले तर भरलेल्या पैशांचे काय, याची चर्चा माझ्या कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत अत्यंत गंभीरपणे होते. या विषयावर कोणी चांगला चित्रपट पाहिला असल्यास कृपया नाव सुचवावे.