मदत हवी आहे: फरशा न फोडता भिंतीतली गळती कशी शोधायची?

कोथरूडला जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीला जमिनीपासून दोनेक फूट ओल आहे. रंगाचे पोपडे सुटलेत, बोट फिरवलं की पांढरा खार पिठासारखा हाताला लागतो. भिंत आतली, म्हणजे पावसाचा संबंध नाही. खालच्यांचं छत कोरडं आहे.

मी आणि नवरा सुट्टीच्या दिवशी स्वतःच काम करतोय. बाथरूमच्या फरशांच्या सांध्यांतलं जुनं व्हाइट सिमेंट खरवडून इपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचं, पाणी न झिरपू देणारं मिश्रण) भरलं. महिन्यानं बघितलं तर ओल तशीच! मग बाथरूममधलं पाणी जाण्याचं तोंड घट्ट बंद करून दीड इंच पाणी 24 तास साठवलं. टाइलवर पेन्सिलने खूण केली होती, पातळी हलली नाही. त्यामुळे आता संशय भिंतीत गाडलेल्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपवर आहे. पाणी बंद ठेवून खात्री केली असती, पण गच्चीवरचा कॉक गंजून जाम झालाय. जोर लावला आणि तुटला तर खालपर्यंत सगळ्यांचं पाणी जाईल.

तशा फरशा आता मिळत नाहीत. बाथरूम एकच आणि घरात वयस्कर सासूबाई, त्यामुळे एका दिवसापेक्षा जास्त बंद ठेवता येणार नाही. नुसती पुट्टी मारून झाकायचं नाहीये.

पाइपची प्रेशर टेस्ट (पाइपमध्ये दाब भरून तो उतरतो का ते बघणं) करणारा खात्रीचा प्लंबर कोथरूड-कर्वेनगर भागात कुणाला माहीत आहे का? आणि जुनी लाइन बंद करून भिंतीवरून उघडी सीपीव्हीसी (प्लास्टिक पाइपची) लाइन कुणी टाकली असेल, तर त्यानंतर भिंत वाळून रंग लावण्याजोगी व्हायला किती दिवस लागले?