१९७० शेव्हेल : नुसत्या विनवरून एसएस ठरत नाही

१९७० च्या शेव्हेलचा (शेव्हर्लेची गाडी) विन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, १३६३७ ने सुरू होतोय म्हणजे गाडी एसएसच (सुपर स्पोर्ट, जास्त ताकदीची आवृत्ती), असं काहीजण म्हणतात ते पटत नाही. १३६३७ म्हणजे फक्त व्ही८ इंजिनची मालिबू (शेव्हेलचंच एक मॉडेल) हार्डटॉप, एसएस ४५४ हे झेड१५ नावाचं ऑप्शन पॅकेज होतं आणि ते विनमध्ये उतरतच नाही. खरी गोष्ट बिल्ड शीटवर (गाडीत काय काय बसवायचं याचा कारखान्यातला कागद) कळते, ती पेट्रोलच्या टाकीच्या वर नाहीतर मागच्या सीटच्या स्प्रिंगांत अडकलेली सापडते, कुजलेली असली तरी हळूच सोडवा, ओढू नका प्लीज! मग इंजिन पॅडवरचा (इंजिन ब्लॉकवरची सपाट जागा) शिक्का बघा, टी०११५सीआरव्ही असेल तर टोनावांडाचा इंजिन कारखाना, १५ जानेवारी, मॅन्युअल गिअरवालं एलएस६ (एसएस ४५४ चं जास्त ताकदीचं इंजिन). पण त्याच्या शेजारी ठोकलेला अर्धा विन गाडीच्या विनशी जुळला पाहिजे, पॅड घासून नवे शिक्के मारणारे भरपूर आहेत.